“काय करता तुम्ही?” : एका प्रश्नात हरवणारी माणसं



या आठवड्याचा व्हिडिओ काउंटरवरच्या बोलण्यावर होता. त्यात एक मुद्दा दोन मिनिटांत उरकावा लागला, म्हणून तो इथे नीट लिहितोय. मुद्दा साधा आहे. आपल्याला वाटतं, आधी आपण माणूस ओळखतो आणि मग त्याच्यासाठी शब्द शोधतो. दुकानात बऱ्याचदा उलटं होतं. तोंडात शब्द आधी येतो आणि मग समोरचा माणूस आपल्याला त्या शब्दासारखाच दिसायला लागतो.

खोटं वाटतं? तुमच्या उधारीच्या वहीपासूनच सुरुवात करू.

थकले, अडकले, बुडाले, बुडवले

समजा, एका काकांकडून तुम्हाला अडीच हजार रुपये यायचेत. दोन महिने झाले. आता ही चार वाक्यं मोठ्याने म्हणून बघा.

“काकांकडे पैसे थकलेत.”
“काकांकडे पैसे अडकलेत.”
“काकांकडचे पैसे बुडाले.”
“काकांनी पैसे बुडवले.”

रक्कम तीच, काका तेच, दोन महिनेही तेच. पण पहिल्या वाक्यातले काका अडचणीत आहेत. दुसऱ्या वाक्यात काका फारसे दिसतच नाहीत, दिसतात ते आपले पैसे. तिसऱ्यात हिशेब संपलाय. आणि चौथ्यात काका लबाड झालेत. ‘बुडाले’चं ‘बुडवले’ केलं की मराठीत आपोआप एक करणारा उभा राहतो, आणि त्याचा हेतूही आपण धरून चालतो.

आता पुढचं बघा. ज्यांच्याकडे पैसे ‘थकलेत’ त्यांना तुम्ही फोन करता, “काका, सगळं बरं ना? निम्मे आत्ता दिलेत तरी चालतील.” ज्यांनी पैसे ‘बुडवले’ त्यांना फोन जात नाही. त्यांची चर्चा शेजारच्या दुकानदाराशी होते. ती फिरत फिरत काकांच्या कानावर जाते आणि काका रस्ता बदलतात. पैसेही गेले, गिऱ्हाईकही गेलं.

दुकानात बरणी फुटली तरी हेच. “बरणी कशी फुटली?” असं विचारलं तर पोरगा सांगेल, “वरची फळी हलतेय, दोनदा सांगितलं होतं.” “बरणी कोणी फोडली?” असं विचारलं तर फळीचा विषयच निघणार नाही. एक नाव मिळेल, आणि पुढच्या महिन्यात दुसरी बरणी.

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी काही विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना तोच प्रश्न साध्या ‘धडकल्या’ या शब्दाने विचारला. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? फिल्ममध्ये काचा फुटलेल्या नव्हत्याच. तरी जोराचा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. प्रश्नातल्या एका क्रियापदाने आठवणीत काचा पाडल्या. मग दुकानात दिवसाला पन्नास प्रश्न विचारणारे आपण काय काय पाडत असू?

गिरणगावातली ‘घरीच असते’

आता आपल्याच भागातलं एक मोठं उदाहरण. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा या पट्ट्यात गिरण्यांचे भोंगे वाजत होते तो काळ. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून, कोल्हापुरातून, घाटावरून माणूस मुंबईत यायचा तो बहुतेक वेळा एकटाच. बायकापोरं गावी. चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-पंधरा माणसं. मग जेवायचं कुठे? त्याच चाळीत, पलीकडच्या खोलीत, एखाद्या बाईच्या हातचं. हीच खानावळ.

त्या बाईचं काम काय होतं ते एकदा धंद्याच्या भाषेत मांडू. समजा, तिच्याकडे २० जेवणारे आहेत, दोन वेळचे. म्हणजे दिवसाला ४० ताटं, महिन्याला १२००. गिरणीच्या पाळ्या तीन, म्हणून जेवणाच्या वेळाही सांभाळायच्या. धान्य, रॉकेल, मासळी, भाजी यांची खरेदी रोजची. पैसे मात्र महिन्याने, गिरणीचा पगार झाल्यावर. म्हणजे महिनाभराचं खेळतं भांडवल तिने उभं करायचं, तेही वाण्याकडून उधारीवर नाहीतर सावकाराकडून व्याजाने. कोण गावी गेला, कोणाचे किती खाडे, कोणाची बाकी किती, हा सगळा हिशेब डोक्यात.

आज असं काम कोणी ॲपवर केलं तर आपण त्याला फाउंडर म्हणू. पण तेव्हा तिच्या नवऱ्याला कोणी विचारलं, “बायको काय करते?” तर उत्तर ठरलेलं होतं. “काही नाही, घरीच असते.” आणि तिला विचारलं तर तीही तेच सांगायची.

यात कोणी खोटं बोलत नव्हतं. चूक प्रश्नात होती. ‘काय करता?’ याचा त्या वस्तीतला अर्थ होता, ‘कुठल्या गिरणीत? कुठल्या खात्यात?’ साचा खातं की बाइंडिंग? हजेरी, बिल्ला, पगाराचं पाकीट असेल तर ते काम. चुलीपुढे दिवसाचे चौदा तास गेले तरी ते ‘घरचं’.

याचा फटका कुठे बसला? भांडवलात. १९ जुलै १९६९ ला देशातल्या १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि छोट्या माणसाला कर्ज द्यायचं धोरण आलं. पण बँकेचे नेहमीचे प्रश्न घ्या. तारण काय? पगारपत्रक कुठे? दुकान कुणाच्या नावावर? या तिन्ही प्रश्नांना खानावळवालीचं उत्तर ‘नाही’ असंच होतं. तीन वेळा ‘नाही’ म्हणणारी बाई बँकेला कफल्लकच दिसणार. प्रश्न जर असे असते, की रोज किती ताटं वाढता, किती वर्षं वाढताय, महिन्याला किती पैसे फिरतात, तर तीच बाई भरवशाची धंदेवाली दिसली असती.

कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी हे ओळखलं आणि १९७५ साली या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट केले, त्या एकमेकींची हमी राहिल्या, आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोचलं. सावकाराचं व्याज सुटणं ही तर मोठी गोष्ट होतीच. पण जिला सगळे ‘अमक्याची बायको’ म्हणून ओळखत होते ती स्वतःच्या नावाने कर्जदार झाली, हेही छोटं नाही. कर्जदार म्हणजे फेडू शकणारी. तिचा स्वयंपाक आदल्या दिवशीसारखाच होता. तिला विचारले जाणारे प्रश्न तेवढे बदलले होते.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि कित्येकांना पुन्हा गिरणीचा दरवाजा दिसला नाही. ‘कामाला असणारे’ घरी बसले, आणि अनेक घरांत ‘घरीच असणारी’ पोळ्या लाटून, डबे देऊन, शिवण करून, भाजी विकून घर चालवत राहिली. शब्द मात्र लवकर बदलले नाहीत. घर ती चालवायची, आणि ओळख अजून ‘गिरणी कामगाराचं घर’.

प्रश्नाला जोडलेले चार शब्द

ही अडचण फक्त चाळीतली नव्हती, सरकारलाही होती. जनगणनेत विचारलं जायचं, गेल्या वर्षभरात काही काम केलं का? शेतात राबणाऱ्या, घरच्या धंद्यात हात देणाऱ्या लाखो बायकांच्या पुढे ‘नाही’ पडायचं. शेवटी १९९१ च्या जनगणनेत त्या प्रश्नालाच एक पुस्ती जोडली, की घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात केलेलं बिनपगारी कामही यात धरा. एका जास्तीच्या ओळीने, आधी न दिसणारं काम दिसायची सोय झाली.

तुमच्या घरी याची चाचणी करून बघा. दुकान तुमच्या नावावर आहे. संध्याकाळी हिशेब कोण लिहितं? तुम्ही माल आणायला गेल्यावर गल्ल्यावर कोण बसतं? व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरना उत्तर कोण देतं? आणि “मिसेस काय करतात?” या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता?

माझ्या वर्गातही हे दर बॅचला दिसतं. ओळख करून देताना बाया सांगतात, “मी तशी काही करत नाही, थोडे मसाले बनवते.” थोडे म्हणजे किती, असं विचारलं की कळतं, उन्हाळ्यात पन्नास-पन्नास किलो. ‘थोडे’ म्हणणारी बाई किंमतही थोडीच लावते. स्वतःच्या वेळेची मजुरी ती धरत नाही, कारण तिच्या लेखी ते कामच नाही. म्हणून मी आता पहिल्या दिवशी ‘काय करता?’ विचारतच नाही. विचारतो, “गेल्या महिन्यात तुमच्या हातचं किती जणांनी विकत घेतलं?”

गिरगावच्या गच्चीवरचा एक शब्द

शब्द माणसाला लहान करतो तसा मोठाही करतो. त्यासाठी गिरगावात जाऊ. १५ मार्च १९५९. लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. त्यातून उभं राहिलं श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. आज त्यात हजारो बायका आहेत. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

लिज्जतच्या यशाची कारणं पुष्कळ आहेत, चव आहे, शिस्त आहे. मला इथे सांगायचाय तो तिथला शब्द. पापड लाटणारी बाई तिथे ‘कामगार’ नाही. ती सभासद भगिनी आहे, म्हणजे मालकांपैकी एक. तिला मिळणाऱ्या पैशाला ‘वणाई’ म्हणतात, लाटण्याचा मोबदला. आणि सुरुवातीपासून एक नियम, दान घ्यायचं नाही. ‘गरीब बायकांना मदत करा’ हे वाक्य त्यांनी पापडाच्या पाकिटावर येऊच दिलं नाही. गिऱ्हाईक पापड घेतं ते चांगला आहे म्हणून.

पण इथे एक सावधगिरी. नुसता शब्द बदलून काही होत नाही. लिज्जतमध्ये ‘भगिनी’ या शब्दामागे नफ्या-तोट्यातला वाटा आहे. शब्दाला व्यवहाराचा आधार आहे. आपल्याकडे काही मालक पोरांना सांगतात, “आपण सगळे एक फॅमिली आहोत,” आणि दिवाळीचा बोनस विचारला की फॅमिली संपते. असा शब्द माणसाला मोठा करत नाही, सावध करतो. त्यापेक्षा सरळ ‘कामगार’ म्हणा आणि पगार सात तारखेला द्या.

कानात सांगितलेला एक शब्द

आता काउंटरवर येऊ. गिऱ्हाईक दाराशी दिसलं की जुना पोरगा नव्याच्या कानात काय सांगतो? “खडूस आहे.” “टाइमपास आहे.” “नुसतं बघून जाणार.” एक शब्द. त्याने किती फरक पडतो?

१९४६ साली सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने लोकांना एका माणसाच्या सात गुणांची यादी दिली. हुशार, कुशल, कष्टाळू, निश्चयी, व्यवहारी, सावध वगैरे. दोन गटांच्या यादीत फक्त एक शब्द वेगळा होता. एकीकडे ‘प्रेमळ’, दुसरीकडे ‘थंड’. मग विचारलं, हा माणूस उदार असेल का? ‘प्रेमळ’ वाचलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ‘हो’ म्हणाले. ‘थंड’ वाचलेल्यांपैकी दहा टक्केही नाहीत.

पुढे १९५० साली हॅरल्ड केली यांनी हेच खऱ्या वर्गात केलं. पाहुणे शिक्षक येण्याआधी विद्यार्थ्यांना त्यांच्याबद्दल चिठ्ठी वाटली. काही चिठ्ठ्यांत ‘प्रेमळ’, बाकीच्यांत ‘थंड’. शिक्षक एकच, तास एकच. ‘प्रेमळ’ वाचलेल्यांपैकी ५६ टक्के चर्चेत बोलले, ‘थंड’ वाचलेल्यांपैकी ३२ टक्के.

हा दुसरा आकडा दुकानदाराने लक्षात ठेवावा. शब्दामुळे मत तर बदललंच, वागणंही बदललं. ‘खडूस’ ऐकलेला पोरगा हसत नाही, दुसरा माल काढत नाही, एका शब्दात उत्तर देतो. मग गिऱ्हाईकही तुसडेपणाने बोलतं. पोरगा म्हणतो, “बघा, म्हणालो नव्हतो?”

परळ-लालबागमध्ये असाच एक नवा शब्द आलाय, ‘टॉवरवाले’. “टॉवरवाले ऑनलाइन मागवतात, आपल्याकडे येत नाहीत.” पण जुन्या चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत काल-परवापर्यंत तुमच्याच गल्लीत राहणारी माणसंही राहतात. त्यांना अजून तीच गावची मसाल्याची चव हवी आहे, फक्त दहा किलोची पिशवी उचलून विसाव्या मजल्यावर न्यायची नाही. ‘टॉवरवाले’ म्हणून सोडून दिलं तर ते गेले. ‘वर पोचवू का?’ विचारलं तर ते तुमचे.

चांगला प्रश्न कसा ओळखायचा

लालबागच्या मसाला बाजारात एक जुना प्रश्न आहे, “गाव कुठलं?” मालवणकडचं सांगितलं तर मसाल्याचं एक माप, कोल्हापूरकडचं सांगितलं तर कांदा-लसणाचं दुसरं. बेडगी किती, संकेश्वरी किती, लवंगी घालायची का, हे त्या एका उत्तरावर ठरतं. इथे हा प्रश्न गिऱ्हाइकाला जवळ आणतो. तोच प्रश्न खोली भाड्याने देताना विचारला, आणि त्यामागोमाग आडनाव, आणि मग “नॉनव्हेज खाता का?” आलं, की ऐकणाऱ्याला कळतं, ही चाळणी आहे. शब्द तेच. उत्तराचं तुम्ही काय करणार, यावर प्रश्न चांगला की वाईट हे ठरतं.

म्हणून माझी साधी कसोटी आहे. उत्तर ऐकून मी गिऱ्हाइकासाठी काही वेगळं काढून दाखवणार आहे का? असेल तर विचारा. नुसतं माणसाला खणात टाकायला विचारत असाल तर राहू द्या.

काही अदलाबदली सुचवतो.

• साडी-कपड्यांच्या दुकानात “रेंज काय?” हा पहिला प्रश्न नको. दादरला लग्नाच्या खरेदीला आलेली आई लेकीसमोर कमी आकडा सांगायला संकोचते. “कोणाला द्यायचीय? कधी नेसणार?” असं विचारा. किंमत तिसऱ्या मिनिटाला आपोआप निघते.

• “अजून काही?” याला उत्तर “नाही” असंच येतं. “घरी पाहुणे किती आहेत?” असं विचारलं की गिऱ्हाईक स्वतःच मोजायला लागतं.

• “तुम्हाला परवडणार नाही” हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटलं तरी अपमान आहे. “यातच थोडं हलकं दाखवू का?” पुरतं.

• पोराने उशीर केला तर “रोजचंच आहे तुझं” म्हणू नका. “आज किती वाजता निघालास?” विचारा. कदाचित लोकलचा प्रश्न असेल, कदाचित झोपेचा. दोन्हीचा उपाय वेगळा आहे.

• हाक मारताना अंदाज नको. चाळिशीच्या बाईंना ‘काकू’ म्हटलं की काही हसतात, काही पुन्हा येत नाहीत. ‘ताई’ बहुतेक ठिकाणी चालतं. आणि वय कितीही लहान असो, पहिल्या भेटीत ‘तुम्ही’. ‘तू’वर गिऱ्हाइकाने यायचं असतं, आपण नाही.

• दुकानातल्या पाट्या एकदा बाहेर उभं राहून वाचा. ‘मालाला हात लावू नये’, ‘घासाघीस करू नये’, ‘सुट्टे पैसे द्यावेत’, ‘बदलून मिळणार नाही’. चार पाट्या, चारही नकार. नवख्या माणसाला त्यातून तुमचा माल कळत नाही, तुम्ही त्याला काय समजता ते कळतं. नियम ठेवा, पण ‘तीन दिवसांत बिलासह बदलून मिळेल’ असा लिहिता येतो तो तसाच लिहा.

आणि स्वतःबद्दलचा शब्द

शेवटचं, नवीन धंदा सुरू करणाऱ्यांसाठी. २०१५ पासून मुद्रा कर्ज योजना आहे. त्यात पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाला नाव आहे ‘शिशु’. तीस वर्षं डबे देणारी पंचावन्न वर्षांची बाई या हिशेबाने शिशु ठरते! ते कर्जाच्या रकमेचं नाव आहे, तुमच्या अनुभवाचं नाही. ते मनाला लावून घेऊ नका. मात्र फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात सवयीने ‘गृहिणी’ लिहू नका. काय बनवता, किती वर्षं, महिन्याला किती विकता, हे आकड्यात लिहून बँकेत घेऊन जा. समोरचा अधिकारी नेहमीचेच प्रश्न विचारेल. तो जे विचारणार नाही त्याचं उत्तर तुमच्या हातातल्या कागदावर तयार असू द्या.

गोड बोला म्हणजे उधारी सोडून द्या, असं मी सांगत नाहीये. तारीख, रक्कम, मुदत वहीत स्वच्छ असलीच पाहिजे. उलट वही स्वच्छ असेल तर माणसाला शब्द चिकटवायची गरजच पडत नाही. वहीत ‘बुडव्या’ लिहिण्यापेक्षा ‘२,५०० बाकी, फोन केला, पाच तारखेला देतो म्हणाले’ हे लिहिलेलं जास्त खरं असतं, आणि वसुलीलाही तेच कामाला येतं.

या आठवड्याचा गृहपाठ

तीन दिवस काउंटरखाली एक वही ठेवा. गिऱ्हाइकांसाठी आणि कामाच्या माणसांसाठी तुमच्या तोंडून जे शब्द निघतात ते लिहा. खडूस, चिकट, टाइमपास, आळशी, सगळे. चौथ्या दिवशी प्रत्येक शब्द खोडा आणि त्याजागी, त्या माणसाने नेमकं काय केलं ते एका वाक्यात लिहा. जिथे वाक्य सुचणार नाही, तिथे समजा की त्या माणसाला तुम्ही अजून काही विचारलंच नाहीये. तो पुढच्या वेळी आला की पहिला प्रश्न तोच विचारा. उत्तर काय मिळालं ते मला जरूर कळवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे, घरगुती मालाची किंमत ठरवताना स्वतःची मजुरी कशी धरायची.